पाव आटा मागे

भात अर्धा शिजला आणि मालन घोरपडेंची चूल बंद पडली. चूल विजेची. गॅसची शेगडी आता जयसिंगपुरात फक्त लग्नाच्या मांडवामागे आचाऱ्यांकडे दिसते. घरोघरी विजेची चूल, विजेचा बंब आणि दारात रात्रभर चार्जिंगला लावलेली गाडी. मालनकाकूंनी स्विचबोर्डाला हात लावून बघितला, तो गरम लागला, प्लॅस्टिकचा वासही आला, तेव्हा त्यांनी मेन बंद केला आणि त्रिशला मगदूमला फोन केला.

त्रिशला वायरमन होती. गल्लीत तिला कुणी वायरवुमन वगैरे म्हणत नसे. भूपाल मगदूमांची मुलगी, त्यांच्याच धंद्यात आलेली, कामाला चोख आणि बोलायला फटकळ, एवढी ओळख पुरेशी होती.

तिने पिशवीतून कानोसा काढला. डब्याएवढं यंत्र, दोन चिमटे आणि एक आवाज. आवाज कुठल्याशा बाईंचा होता आणि त्या बाई फार शुद्ध बोलत.

"चालू करतो," त्रिशला म्हणाली.

"अवश्य, महोदय," कानोसा म्हणाला.

कृष्णेकाठच्या या भागात बायकाही "करतो, जातो, येतो" असंच म्हणतात. यंत्राला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यामुळे इथल्या साऱ्या बायका त्याच्या लेखी महोदय होत्या, आणि त्रिशलाने तक्रार करायचं कधीच सोडून दिलं होतं.

मेन बोर्डाला लावण्याआधी तिने चिमटे एका लाकडी ठोकळ्याला लावले. ठोकळ्यावर एकच सांधा होता, अण्णांनी म्हणजे तिच्या वडिलांनी खूप वर्षांपूर्वी कसलेला. "सांधा सुस्थितीत आहे. हात: भूपाल मगदूम," यंत्र म्हणालं. ही अण्णांची शिकवण होती. आधी टेस्टर चांगल्या जागेवर लावून तपासायचा, मग वायर तपासायची, मग टेस्टर परत त्याच चांगल्या जागेवर लावायचा. मधल्यामध्ये टेस्टरच मेला आणि तुम्ही वायर मेली समजून हात घातलात, तर संपलं. नवे वायरमन या प्रकाराला हसत, कारण कानोसा स्वतःची तपासणी स्वतःच करतो. त्रिशला ठोकळा घेऊनच फिरे.

मग तिने चिमटे घराला लावले. थोड्या वेळाने यंत्र बोललं, "स्वयंपाकघर, चुलीचा स्विच, वरचा सांधा. सांधा शिथिल आहे."

"सांधं माझंबी शिथिल हायत," मालनकाकू ओट्याला टेकून म्हणाल्या. "त्याला म्हणावं त्येबी बघ जरा."

त्रिशला हसली. पण यंत्राचं बोलणं संपलेलं नव्हतं.

"सर्वाधिक साम्य असलेला हात: भूपाल मगदूम. या हाताचा हा तिसरा शिथिल सांधा. दिवसभराचे अहवाल सूर्यास्ताला रवाना होतील. त्यानंतर हा हात थांबवण्यात येईल."

तिचं हसू तोंडातच राहिलं.

कानोसा येऊन फार काळ झाला नव्हता. चुली आणि गाड्या विजेवर गेल्यावर घरातल्या जुन्या तारांतून दुपटीतिपटीने वीज वाहायला लागली. तारा टिकल्या, दगा दिला तो सांध्यांनी. जिथे तार स्क्रूखाली दाबलेली असते तिथे पकड जराशी ढिली असली की ती जागा तापते. तापली की धातू फुगतो, गार झाला की आकसतो, आणि रोजच्या या फुगण्याआकसण्यात पकड आणखी सुटत जाते. आधी वास येतो, मग ठिणगी पडते. राज्यात कितीतरी स्वयंपाकघरं अशी पेटली. तेव्हा नवी नियमावली आली, की घरगुती बोलावण्यावर गेलेल्या प्रत्येक वायरमनने मेन बंद करून आधी कानोसा घ्यायचा.

कानोसा करतो एवढंच, की तारेत अगदी बारीक ठोका सोडतो आणि ऐकत बसतो. ठोका तारेतून धावतो; जिथे तार दबली असेल, भिजली असेल किंवा स्क्रूखाली गेली असेल तिथून त्याचा थोडा भाग माघारी फिरतो, विहिरीत मारलेली हाक फिरते तसा. यायला किती वेळ लागला यावरून जागा कळते आणि कसा आला यावरून त्या जागेची तब्येत.

इथवर सगळ्यांना पसंत होतं. पुढची गोष्ट शोधणाऱ्यांनाही अपेक्षित नव्हती. स्क्रू तांब्यावर दाबला की दोन धातू सगळीकडून भिडत नाहीत. डोळ्याला न दिसणारे उंचवटे तेवढे एकमेकांना टेकतात. कुणी एका दमात पिळतो, कुणी थांबत थांबत, कुणी शेवटी एक झटका देतो, आणि त्याप्रमाणे त्या उंचवट्यांची मांडणी होते. म्हणजे प्रत्येक सांध्यावर कसणाऱ्याची सही असते. कानोसा ती वाचू लागला. मग सरकारने साऱ्या परवानाधारकांचे हात नोंदवून घेतले आणि नियम केला, की एका हाताचे तीन सांधे शिथिल निघाले तर तो हात थांबवायचा. परवाना खाली ठेवायचा.

पहिले दोन सांधे त्रिशलालाच सापडले होते. एक सातव्या गल्लीत, एक बाजारपेठेत. दोन्ही अलीकडचे. सही अण्णांचीच, पण जोर कमी. तिने ते मनात बाजूला सारलं होतं, वय झालं म्हणून. आता तिसरा. अण्णांचे तरुणपणीचे सांधे अख्ख्या गावाच्या भिंतींत होते आणि एकजात घट्ट होते. या वर्षातले तेवढे सैल. माणसाच्या मुठीतला जोर असा जायला लागला तर तो कंपवात असू शकतो, हे तिला माहीत होतं. मिरजेच्या दवाखान्यांबाहेर तशी थरथरत्या हातांची माणसं तिने पाहिली होती. तिला भीती वाटली. परवान्याची नंतर, आधी अण्णांचीच.

"काकू, हा बोर्ड अण्णांनीच बसवला ना?"

"अण्णाच आलते की," मालनकाकू म्हणाल्या आणि उगाच भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवायला वळल्या. "दोघं... म्हंजे अण्णाच. चहाबी घेतला न्हाई बघ."

सुटायची वाट होती, आणि ती साऱ्या वायरमनना माहीत होती. यंत्रात "मोजणी अपूर्ण" असं नोंदवायचं, स्क्रू नव्याने कसायचा आणि मग परत कानोसा घ्यायचा. जुनी सही पुसली जाते. मित्र मित्रासाठी हे करत. त्रिशलाने कधी केलं नव्हतं, आणि करणाऱ्यांना चारचौघांत सुनवायलाही कमी केलं नव्हतं. आता तिचं बोट त्या बटणापाशी गेलं आणि तिथेच घुटमळलं. अण्णांकडून हा धंदा काढून घेतला तर ते जेवतील, झोपतील, बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन दर्शनही घेतील, पण अण्णा राहणार नाहीत.

तिने बटण दाबलं नाही. ठोकळ्यावर यंत्र परत तपासून बघितलं, ते ठीक होतं. चुलीची लाइन वेगळी काढून ठेवली आणि म्हणाली, "काकू, तेवढी चूल वापरू नका. उद्या येतो."

"आणि भात?"

"शेजारी शिजवा की."

घरी आली तेव्हा आई, राजमती, स्वयंपाकाला लागली होती. मगदूमांच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात, तेव्हा चारनंतर स्वयंपाकघरात गडबड असे. अण्णा बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून रेडिओ ऐकत होते. त्रिशला समोर बसली आणि त्यांच्या हातातल्या पाण्याच्या तांब्याकडे बघत राहिली. तांब्या जरासुद्धा हलत नव्हता.

"काय बघालीस?" अण्णांनी विचारलं. ते तिच्याकडे बघत होते, पण नजर तिच्या कानाच्या बाजूला कुठेतरी होती.

"काही न्हाई. हाताला मुंग्या वगैरे येतात का हो तुमच्या?"

"मला कशाला येतील मुंग्या?"

"मूठ वळून दाखवा."

अण्णांनी मूठ वळली आणि तिचं मनगट धरून असं दाबलं की ती कळवळली. "झालं समाधान?" ते म्हणाले आणि रेडिओ मोठा केला. त्या पकडीने तिचा गोंधळ आणखी वाढवला. एवढा जोर असलेल्या माणसाचा स्क्रू सैल कसा राहतो?

ती उठून आत गेली. आईच्या कुकरचा दांडा ढिला झाला होता. आईने एका हाताने कुकर पोटाशी धरला, कोपऱ्यातल्या खिळ्यावरची आपली पर्स काढली, पर्समधून रुमाल आणि बस्तीतला प्रसाद बाजूला सारून पेनाएवढा बारीक स्क्रूड्रायव्हर काढला, आणि दांड्याचा स्क्रू पिळायला लागली. घट्ट झाल्यावर तिने तो पाव आटा, म्हणजे पाव फेरा, मागे घेतला. क्षणभर थांबली. मग परत कसला.

त्रिशला दारातच थांबली.

पाव आटा मागे घेणं ही अण्णांची खोड होती. पहिल्या पिळात तांबं नुसतं दबतं, पाव आटा सोडला की ते नीट बसतं, आणि मग कसलं की कायमचं धरतं, असं त्यांचं म्हणणं. कॉलेजात शिकलेली मुलं हे करत नाहीत. त्यांचा स्क्रूड्रायव्हर ठरावीक जोराला आपणच टक् करतो. त्रिशलासुद्धा टक् ऐकून थांबे. पाव आटा मागे घेणारा हात पंचक्रोशीत एकच आहे, असं तिला वाटत होतं. कानोशालाही तसंच वाटत होतं. तो बिचारा नोंदलेल्या हातांतच शोधणार, आणि सैल सांध्यावर नोंद नसलेल्या हाताची सही पुसट उमटली तर तिच्या सगळ्यात जवळचा हात सांगणार. "सर्वाधिक साम्य" एवढंच तो म्हणाला होता. तिने मात्र ते 'अण्णांचा हात' असं ऐकलं होतं.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही दोघं दुपारचं रोज कुठं जाता?"

"बस्तीत."

"भर दुपारी?"

"गर्दी नसते."

"मालनकाकूंच्या चुलीचा बोर्ड कुणी बसवला?"

आईने कुकर खाली ठेवला. बाहेर रेडिओ बंद झाला. अण्णांचे कान अजून शाबूत होते.

"बस्तीत जाऊनच पुढं जायचो," अण्णा दारात येऊन म्हणाले. "खोटं न्हाई बोललो."

मग सगळं बाहेर आलं. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांच्या ऐन मधे डाग पडला होता. कडेचं दिसे, समोरचं पुसट. डॉक्टरांनी सांगितलं होतं की वाढणार नाही आणि जाणारही नाही. वायर कुठली ते त्यांना बोटांनी कळे, पण स्क्रूची खाच दिसेना. जुन्या गिऱ्हाइकांना नाही कसं म्हणायचं? म्हणून पहिल्यांदा ते बायकोला नुसतं डोळे म्हणून घेऊन गेले. ती सांगे, लाल वरती आहे, काळी खाली. दोनचार घरं झाल्यावर ती म्हणाली, सांगण्यापेक्षा मीच पिळतो की.

"चाळीस वर्षं ताटावर बसून हेच ऐकतोय मी," आई म्हणाली. "फेज काय, न्यूट्रल काय, पाव आटा काय. आमटीत मीठ कमी-जास्त झालेलं यांना कधी कळलं न्हाई, पण जॉइंट कसा करायचा ते रोज सांगायचे. येणार न्हाई तर काय होईल? आणि खरं सांगू? मला आवडायला लागलं बघ. गल्लीतल्या बायकांनाबी आवडलं. कुण्णाला सांगितलं न्हाई त्यांनी."

त्रिशलाला आधी इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. अण्णांच्या हाताला काही झालेलं नव्हतं. आणि लगेच तिला राग आला, तोही खराखुरा.

"तो जॉइंट सैल होता, आई. बोर्ड तापला होता. आज काकूंना वास आला नसता तर त्यांचं घर पेटलं असतं."

परवाना नाही, गुन्हा आहे, दंड होईल, यातलं काही आईला लागलं नसतं. हे लागलं. ती स्टुलावर बसली.

"माझा जॉइंट सैल निघाला?"

"तीन निघाले."

"मी तर जेवढा जोर होता तेवढा लावलता." तिने तळहात उघडून बघितला. बारीक दांड्याचे वळ अजून त्यावर होते. "मग माझ्यानं व्हायचं न्हाई हे. घरात बसावं मी."

ती हे इतक्या खालच्या आवाजात म्हणाली की त्रिशलाचा राग निवला. आईला तिने असं हरलेलं कधी पाहिलं नव्हतं. अण्णा चाचपडत पुढे आले आणि त्यांनी ओट्यावरचा तो स्क्रूड्रायव्हर उचलला, बोटांत फिरवला.

"ह्यानं कसत होतीस?"

"मग? तुमचा घेऊन फिरू? तो मुसळासारखा. पर्समध्ये मावतोय का तो? आणि हातात दिसला असता तर गल्लीभर झालं असतं."

अण्णा बाहेर गेले आणि आपला लाकडी मुठीचा जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन आले.

त्रिशलाने भिंतीवरचा सरावाचा बोर्ड खाली घेतला. आधी ठोकळा तपासला. मग अण्णांना एक स्क्रू कसायला दिला. खाच तिने दाखवली, जोर त्यांनी लावला. "सांधा उत्तम आहे. हात: भूपाल मगदूम," यंत्र म्हणालं. मग आईने तिच्या बारीक स्क्रूड्रायव्हरने कसला. "सांधा शिथिल आहे. सर्वाधिक साम्य असलेला हात: भूपाल मगदूम." आईने मान खाली घातली.

"आता हा घे," त्रिशला म्हणाली.

मूठ जाड असली की तेवढ्याच मनगटाने स्क्रूवर दुपटीचा पीळ पडतो. बरणीचं रुंद झाकण फिरवणं बारीक बुचापेक्षा सोपं जातं, तेच हे. आईला कुणी हे सांगितलं नव्हतं, आणि अण्णांना ती कशाने कसते ते दिसलं नव्हतं. तिने लाकडी मूठ धरली, पिळली, पाव आटा मागे घेतला, थांबली, परत कसला.

"सांधा उत्तम आहे," कानोसा म्हणाला. घट्ट सांध्यावर सही या वेळी स्वच्छ उमटली होती, ती त्याने नोंदींशी ताडून बघितली. "हा हात नोंदीत आढळत नाही. हाताचे नाव सांगावे."

आईने त्रिशलाकडे बघितलं. "काय सांगू?"

"तुझं नाव. आणि काय करतेस ते."

आईने पदर सारखा केला. "राजमती भूपाल मगदूम. मी वायरिंगचं काम करतो," ती यंत्राला म्हणाली, पाहुण्यांशी बोलावं तशी.

दिवस मावळायच्या आत तिघं जेवली. त्रिशलाने अहवालात खरं होतं ते सगळं घातलं. मालनकाकूंचा सांधा, आधीचे दोन सांधे, ते कुणी केले, आणि कुणाच्या परवान्यावर केले. पाठवताना तिचा हात अडखळला नाही. अण्णा जवळच बसून होते. "पाठव," ते म्हणाले. "सैल होता तर सैल होता."

कार्यालयाने अण्णांचा परवाना काही महिन्यांपुरता थांबवला, नोंद नसलेल्या हाताला काम करू दिलं म्हणून. राजमतीबाईंना समज दिली, आणि त्याच कागदात खाली लिहिलं, की मुलीच्या देखरेखीखाली मदतनीस म्हणून त्यांचा हात चालेल. दुपारची बस्तीही सुटली. आता दोघं सकाळी जातात, सगळ्यांबरोबर.

पहिलं काम अर्थातच मालनकाकूंकडे होतं. अण्णांना कशालाच हात लावायची परवानगी नसल्यामुळे ते स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले, चहा घेतला आणि न विचारता सल्ले द्यायला लागले. आईने लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर सगळ्यांना दिसेल असा खांद्याच्या पिशवीत आणला होता. नवी तार, नवा स्विच. तिने स्क्रू कसला, पाव आटा मागे घेतला, परत कसला.

त्रिशलाने यंत्र ठोकळ्याला लावून तपासलं आणि मग चिमटे घराला लावले.

"स्वयंपाकघर, चुलीचा स्विच, वरचा सांधा," कानोसा म्हणाला. "सांधा उत्तम आहे. हात: श्रीयुत राजमती भूपाल मगदूम."

मालनकाकू पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "अगं, श्रीयुत म्हणालं की तुला."

"दुरुस्त करतो मी ते," त्रिशला म्हणाली. "तुझं करतो-बितो ऐकून घोटाळा झालाय त्याचा."

आई हसत नव्हती. ती यंत्राकडे बघत होती. आजवर तिला कुणी वायरमनची बायको म्हणालं होतं, कुणी त्रिशलाची आई, गल्लीत नुसतंच काकी. एवढं पूर्ण नाव, तेही कामासाठी, तिने दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"दुरुस्त नंतर कर," ती म्हणाली. "आधी परत म्हणायला लाव त्याला."

"लाव की," अण्णा खुर्चीतून म्हणाले. "परत तपासायचंच असतंय."